अण्णांच्या बाजूनं आलेलं

"ओव्हरीचा कॅन्सर आहे, आणि तो पोटात पसरलेला आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

नांदेडच्या त्या हॉस्पिटलात, त्यांच्या खोलीत, आम्ही तिघं होतो. मी, माझे यजमान आणि माझी धाकटी बहीण संगीता. यजमानांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरून बसले. मॅडम थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "मी काय सांगितलं ते कळलं का ताई?"

मी हो म्हणाले. मग माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, माझं काय चुकलं?"

असा प्रश्न त्यांना रोज कुणीतरी विचारत असणार. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काही केलं म्हणून झालं, असं नसतं. पण मला सांगा, घरात कुणाला ओव्हरीचा किंवा ब्रेस्टचा कॅन्सर झाला होता का?"

मी नाही म्हणाले. आई हृदयविकारानं गेली. मावश्या दोघी अजून शेतात जातात. वडिलांच्या बाजूचं माझ्या मनातही आलं नाही. बाईच्या अंगातला आजार आहे, तर तो बायकांकडूनच येत असणार, असं मी धरूनच चालले होते.

मी लातूरला राहते. जिल्हा न्यायालयात स्टेनो आहे. दिवसभर बसून काम, त्यामुळे पोट सुटलं तर त्यात नवल काय, असं मला दिवाळीनंतर वाटलं. परकराची नाडी सैल बांधावी लागायला लागली. चेहरा मात्र उतरत चालला होता. अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च व्हायचं. साहेब निकाल सांगत असताना मध्येच उठून लघवीला जावं लागायचं, आणि त्याची मला फार लाज वाटायची.

लातूरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. मला बरं वाटलं असं मीच त्यांना सांगितलं, कारण गोळी घेतल्यावर बरं वाटायला हवं असं मला वाटत होतं. संक्रांतीला वाण द्यायला वाकले तेव्हा दम लागला. त्यानंतर यजमानांनी ऐकलं नाही. सोनोग्राफी झाली. सोनोग्राफी करणारे डॉक्टर आधी बोलत होते, नंतर एकदम गप्प झाले. "पोटात पाणी आहे," एवढंच म्हणाले.

संगीता नांदेडला असते आणि तिचं घर हॉस्पिटलपासून जवळ आहे, म्हणून आम्ही तिथं गेलो. मग एकामागून एक तपासण्या सुरू झाल्या. सीए वन ट्वेंटी फाइव्ह नावाची रक्ताची तपासणी असते. ओव्हरीच्या, म्हणजे बीजाशयाच्या, कॅन्सरमध्ये रक्तातलं एक द्रव्य पुष्कळदा वाढतं, ते त्यात मोजतात. पण ते दुसऱ्या साध्या कारणांनीही वाढतं, त्यामुळे त्या एका आकड्यावर काही ठरत नाही. सीटी स्कॅन झाला. पोटातलं पाणी सुईनं काढलं, याला टॅपिंग म्हणतात. मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. प्रत्येक ठिकाणी बाकावर बसून वाट बघायची. समोरच्या बायकांची पोटं मी चोरून बघत असे, कुणाचं माझ्यासारखं आहे का म्हणून.

"मी दोन वर्षांपूर्वीच पॅप स्मीअर केली होती," मी मॅडमना म्हणाले. "ती चांगली आली होती."

"ती गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी," त्या म्हणाल्या. "ओव्हरीचं त्यात कळत नाही. ज्या बाईला काही त्रास नाही, तिच्यात हा कॅन्सर आधीच पकडेल अशी खात्रीची तपासणी आज आपल्याकडे नाही. म्हणून पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला लागणं, हे नव्यानं सुरू झालं आणि आठवडेच्या आठवडे टिकून राहिलं, तर बाईनं दाखवायलाच हवं."

हे मी तुमच्यासाठी लिहून ठेवते आहे. माझ्या उपयोगाला ते आलं नाही.

केमोथेरपी आधी द्यायची, गाठी आक्रसल्या की ऑपरेशन, आणि नंतर पुन्हा केमो, असं ठरलं. सलाईनमधून औषध जात असताना मी कारणं शोधत बसायचे. मला एकच मुलगी, अंकिता. दुसरं मूल नको असं मीच म्हटलं होतं. मी कुठंतरी वाचलं की ज्यांना मुलं कमी किंवा नाहीतच, त्यांना धोका जास्त. मी मॅडमना विचारलं.

"गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ओव्हरीला विश्रांती मिळते," त्या म्हणाल्या. "त्यानं धोका काहीसा कमी होतो, हे खरं आहे. वाढतं वय, जास्त वजन, एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर भलत्या जागी वाढणं, यांचाही थोडाफार हात असतो. पण यातलं काहीही नसलेल्या बायका माझ्याकडे येतात आणि सगळं असलेल्या कित्येकींना काही होत नाही. एक मूल झालं म्हणून तुम्हाला हा आजार झाला, असं मी म्हणणार नाही. तुमच्या गाठीचा प्रकार बघता मला तुमची जनुकांची तपासणी करायची आहे."

लातूरहून नांदेडला जाताना लोहा लागतं. त्याच्या अलीकडे आमच्या गावचा फाटा आहे. माझे वडील, अण्णा, दर खेपेला त्या फाट्यावर उभे असायचे. वय अठ्ठ्याहत्तर, धोतर, डोक्याला कापडाचं टापर गुंडाळलेलं. यजमान गाडी थांबवायचे. अण्णा काचेतून माझ्याकडे बघायचे, ताकाचा डबा आत द्यायचे आणि म्हणायचे, "जा बाई, टायमावर पोचा." केस गेल्यावर मी डोक्याला ओढणी गुंडाळायचे. त्यांनी त्यावर कधी काही विचारलं नाही.

ऑपरेशन पार पडलं. टाके सुकत आले असताना जनुकांचा रिपोर्ट आला. बीआरसीए वन नावाच्या जनुकात बिघाड होता.

मॅडमनी सांगितलं ते असं. हे जनुक प्रत्येकाच्या अंगात असतं. पेशीच्या आत काही तुटलं की ते सांधायचं काम त्याचं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असली, की ओव्हरीचा आणि स्तनाचा कॅन्सर व्हायचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ वाढतो. ती प्रत लेकराकडे जायची शक्यता निम्मी, मग मुलगा असो की मुलगी.

मला दुसरं काही ऐकू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर अंकिता आली. पंचवीस वर्षांची, पुण्याला नोकरीला लागलेली. आपला आजार सोसायला माणसाची तयारी होते. पण मी तिला जन्म दिला त्याच वेळी हेही दिलेलं असू शकतं, हा विचार छातीवर बसला तो उठेना.

"आईकडं कुणालाच नाही म्हणता," मॅडम म्हणाल्या. "वडिलांकडं? आजी, आत्या?"

मग मला आठवलं. अण्णांची आई पोटात पाणी होऊन गेली होती. आणि शांताआत्या, अण्णांची एकुलती एक बहीण, इस्लापूरला दिलेली. तिचं पोट असंच वाढलं होतं. लोक म्हणाले दिवस गेलेत, मग म्हणाले करणी झाली. तिच्या घरच्यांनी तिला माहूरला नेऊन रेणुकामातेला नवस बोलला. चाळिशी पार करते न करते तोच ती गेली.

"पुरुषांच्या अंगात ही प्रत असली तरी त्यांना कित्येकदा काहीच होत नाही," मॅडम म्हणाल्या. "ते फक्त पुढं देतात. वडिलांची तपासणी केली तर कळेल. आत्याला मुली आहेत?"

एक मुलगी होती, कमल. पण त्या घराशी आमचं बोलणं नव्हतं. आत्याच्या दहाव्याला अण्णा तिच्या मालकाला, गोविंदरावांना, चारचौघांत म्हणाले होते, "तुमी मह्या बहिणीला खाल्लं." तिला घरात नीट बघितलं नाही, काहीबाही चारलं, असं अण्णांच्या डोक्यात बसलं होतं. ते न जेवता उठून आले. पुढं कमलचं लग्न झालं, तेव्हा नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं, तरी अण्णा गेले नाहीत.

अण्णांना हे सांगायचं नाही असं मी ठरवलं. लेकीचा आजार तुमच्याकडून आला, हे या वयात त्यांना कशाला ऐकवायचं? यजमानांनाही ते पटलं. संगीतानं मात्र स्वतःची तपासणी करून घेतली. तिचा रिपोर्ट चांगला आला आणि ती माझ्याजवळ बसून रडायला लागली. "ताई, तुझंच का गं? मी कशी सुटले?" ती म्हणत होती. सुटलेल्या माणसालाही अपराधी वाटतं, हे मी तिच्याकडे बघून शिकले. मला तिची समजूत घालता आली नाही. मनात कुठंतरी तिचा हेवाही वाटला, तेही सांगून टाकते.

पुढच्या केमोला जाताना फाट्यावर अण्णांनी डबा दिला, पण काच सोडली नाही.

"संगीताचं रक्त कशापायी घेतलं?" त्यांनी विचारलं.

मी यजमानांकडे बघितलं. त्यांनी गाडी बंद केली. मग मी उतरून फाट्यावरच्या हॉटेलच्या बाकावर अण्णांशेजारी बसले आणि जमेल तसं सगळं सांगितलं. ते जमिनीकडे बघत ऐकत होते.

"शांतीला बी हेच व्हतं का?"

"तपासलं नव्हतं अण्णा. पण तसंच दिसतं."

"अन मह्या आईला?"

"तसंच असणार."

मला वाटलं आता अण्णा म्हणतील, बाई, मह्यामुळं तुला झालं. ते म्हणाले, "मंग मी त्या मानसाला काय बोलून बसलो." आणि थोड्या वेळानं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, "तुलाबी मीच देल्लं हे."

"तुम्ही कुठं दिलं अण्णा," मी म्हणाले. "तुम्हाला ठाऊक तरी होतं का?"

हे बोलताना मला कळलं की अंकिताच्या बाबतीत हेच वाक्य मला स्वतःला म्हणता येत नव्हतं.

त्यांनी नांदेडला येऊन रक्त दिलं. बीआरसीए वनचा तोच बिघाड त्यांच्यात निघाला. मॅडमनी त्यांना पुरुषांनाही प्रोस्टेटचा, क्वचित छातीचाही, कॅन्सर होऊ शकतो असं सांगून तपासण्या लिहून दिल्या. अण्णांनी ते कानाआड केलं. त्यांनी एकच विचारलं, "शांतीच्या पोरीला सांगावं लागंल न्हवं?"

"लागेल," मॅडम म्हणाल्या. "आणि लवकर."

माझी शेवटची केमो झाली आणि पायांत थोडी ताकद आल्यावर आम्ही इस्लापूरला गेलो. पायांच्या बोटांना मुंग्या येत होत्या, त्या औषधामुळं येतात. संगीता म्हणाली फोन करू या. अण्णा म्हणाले, बोललो तोंडावर, तर सांगायचंबी तोंडावर.

गोविंदराव अंगणात खुर्चीवर बसले होते. अण्णांपेक्षा वयानं लहान, पण जास्त थकलेले. त्यांनी अण्णांना ओळखायला वेळ घेतला, की ओळखून वेळ घेतला, कोण जाणे. "या पाव्हणं," ते म्हणाले. कमल गावातच दिलेली आहे. ती बापाची भाकरी करायला आलेली होती. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. अण्णांनी त्याला हात लावला नाही.

"दाजी, पानी नंतर. आदी बोलतो." अण्णांचा आवाज बसला होता. "शांतीला तुमी काई केलं न्हवतं. ते आमच्याच रक्तात हाय. मह्या आईपासून. मह्यातबी निघालं. ही मही पोरगी, हिलाबी तेच झालं. मी तुमाला लई वंगाळ बोललो. चुकलो."

गोविंदराव माझ्या डोक्याकडे बघत होते. केस नुकते उगवायला लागले होते.

"तुमी बोलले त्या दिशी," गोविंदराव म्हणाले, "अन मी ते खरंच धरलं, पाव्हणं. काई चारलं न्हवतं मी तिला. पन देवीला नेलं, अन नांदेडला न्हाई नेलं. टायमावर नेलं असतं तं जगली असती, असंच वाटून राहिलं मला. इतकी वर्सं तेच वाटून राहिलं."

शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले. मी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. "काका, ती जगली असती की नाही, ते मला माहीत नाही. पण मी शहरात राहते, डॉक्टरकडं जात होते, तरी माझं उशिरा कळलं. त्या वेळी तुम्हाला कसं कळणार होतं?"

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी.

कमल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "अन मह्यात हाय का ते?" तिनं विचारलं.

"निम्मी शक्यता आहे," मी म्हणाले. "रक्त तपासलं की कळतं. असलं तर आजार व्हायच्या आधीच ओव्हरी आणि तिला लागून असलेल्या नळ्या काढून टाकता येतात. मला ते आधी कळलं नव्हतं. तुला कळू शकतं."

"मला दोन पोरी हायत," ती म्हणाली. मग अण्णांकडे वळली. "मह्या लग्नात मामा आला न्हाई. आता आला तं हे घेऊन आला."

ती आत निघून गेली. अण्णा तांब्या उचलून पाणी प्यायले आणि आम्ही उठलो. परत येताना गाडीत मला वाटलं, आपण एका धडधाकट बाईच्या घरात भीती टाकून आलो. जे ओझं मला उचलवत नव्हतं, ते तिच्या दारात ठेवून आलो.

काही आठवडे गेले. मग एके दिवशी संगीताला फोन आला. कमल नवऱ्यासोबत नांदेडच्या स्टँडवर उतरली होती.

तिचा रिपोर्टही तसाच निघाला. मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं की तिचं वय सेहेचाळीस आहे, आता वाट बघण्यात अर्थ नाही. ओव्हरी काढल्यावर पाळी थांबेल, अंगातून वाफा निघतील, हाडांची काळजी घ्यावी लागेल. धोका पुष्कळ कमी होईल, अगदी शून्य होणार नाही. छातीच्या तपासण्या वेगळ्या करत राहाव्या लागतील. कमलनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "सोयाबीन निघालं की येते." आणि खरंच आली.

ऑपरेशनच्या दिवशी अण्णा पहिल्या गाडीनं नांदेडला आले होते. सिस्टरनं विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?"

"मामा," अण्णा म्हणाले.

कमलनं स्ट्रेचरवरून त्यांच्याकडे बघितलं. हातातल्या बांगड्या काढून तिनं त्यांच्याच हातात दिल्या. काढलेल्या भागाच्या तपासणीत कॅन्सर निघाला नाही. हे मला मॅडमनी सांगितलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले. स्वतःच्या रिपोर्टला मी तशी रडले नव्हते.

मी आता पार्प इनहिबिटर प्रकारच्या गोळ्या घेते. ज्या पेशींत हे सांधायचं काम आधीच बिघडलेलं आहे, त्या कॅन्सरच्या पेशींना सावरू न देणारं ते औषध आहे. सध्या आजार दिसत नाही. परत येऊ शकतो, हे माझ्यापासून कुणी लपवून ठेवलेलं नाही. मी न्यायालयात रुजू झाले आहे. रक्ताच्या तपासणीला नांदेडला जाते.

राहिली अंकिता. मी तिला सगळं सांगितलं होतं, तपासणी कधी करायची ते तिच्यावर सोडलं होतं. पंचविशीत घाईनं काही काढून टाकायची गरज नसते, असं मॅडमनी स्पष्ट केलं होतं. पण बिघाड असला तर छातीच्या तपासण्या आतापासून सुरू करायच्या असतात, आणि लग्न, मुलं, ऑपरेशन यांचा विचार समजून-उमजून करता येतो. अंकितानं बरेच महिने घेतले. मी विचारलं नाही. फोनवर भाजी काय केलीस एवढंच विचारत राहिले आणि प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर वाटायचं, मी हिला काय देऊन बसले.

एका दुपारी, कोर्टाच्या मधल्या सुट्टीत, तिचा फोन आला.

"आई, माझ्यातही आहे."

"बेटा, माफ कर," एवढंच निघालं.

नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आई, तुला कळलं तेव्हा तुझं पोट पाण्यानं भरलं होतं. मला कळलंय तेव्हा मी ऑफिसात डबा खात बसलेय. यात फरक आहे की नाही?"

"आहे," मी म्हणाले.

"मग माफी कशाची मागतेस? मला भीती वाटतेय, ती वाटू दे. पण तू रडत राहिलीस तर मला तुलाच सांभाळावं लागेल."

पुढच्या महिन्यात ती सुट्टी काढून आली आणि आम्ही दोघी मॅडमकडे गेलो. मॅडमनी नवा केसपेपर पुढं ओढला आणि तिला तोच प्रश्न विचारला, जो मला विचारला होता. घरात कुणाला?

अंकितानं माझ्याकडे बघितलंही नाही. "वडिलांकडं कुणाला नाही," ती म्हणाली. "आईकडं आहे. आईच्या वडिलांची आई. आईच्या वडिलांची बहीण शांता. माझी आई. आणि कमलमावशी, तिच्यात आहे, पण तिला झालेलं नाही."

मॅडम लिहीत होत्या. अपराधीपणा गेला असं मी म्हणणार नाही, तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेलाच होता. पण माझी पोर ती नावं एकामागून एक, न अडखळता सांगत होती, आणि ज्या बायकांना आपल्याला काय झालंय हे कळलंच नाही, त्या माझ्या आजीचं आणि आत्याचं दुखणं पहिल्यांदा कुणीतरी डॉक्टर लिहून घेत होतं.